सायकलीचा पीपीएफ

‘सर, पीपीएफमध्ये ११,००० घालू का?’ तुमच्या पत्राची एवढीच ओळ वाचून मला बचतीचं पीपीएफ खातं वाटलं आणि मी उत्तर लिहायलाही घेतलं होतं: घाला, ५ तारखेच्या आत घाला, म्हणजे त्या महिन्याचं व्याज बुडणार नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं, हा पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंग जपायला सायकलीच्या फ्रेमवर चिकटवायची.

२०२४ च्या दिवाळीत घेतलेली ९५,००० ची सायकल, दर रविवारी सिंहगड पायथा नाहीतर बोपदेव घाट, आणि तीन वर्षं वापरून ती विकायचा बेत. पूर्ण फ्रेमला फिल्म लावायचे दुकानदार ११,००० सांगतोय, ‘विकताना वसूल होतील’ म्हणतोय. घरी लावायला तुकडा ९०० ला मिळतोय.

वसूल होणार नाहीत. त्यासाठी विकताना फक्त फिल्मपायी ११,००० जास्त मिळायला हवेत. जुनी सायकल घेणारा बिल मागतो, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) किती झिजलीय ते बघतो, चाक फिरवून बघतो. ओरखडे दाखवून हजार-दोन हजार पाडून मागेल, फार तर. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. तुमच्या ९५,००० मधली मूळ किंमत साधारण ८४,८००. कंपनीने ती तशीच ठेवली असेल, तर आज तीच सायकल कोरी करकरीत ८९,००० ला येते. जुन्याचा भाव नव्यावरूनच ठरतो. म्हणजे सहा हजार बसल्या जागी गेले, त्यांना कुठली फिल्म वाचवणार?

९०० चा तुकडा मात्र घ्या. नुकसान ठरावीक जागीच होतं: पुढच्या चाकाने उडवलेली खडी खालच्या नळीवर बसते, चेन आपटून मागच्या नळीचे टवके उडतात, आणि हँडलजवळ केबल घासून घासून रंग खाते. तेवढंच झाका. तुकडा टीपीयू नावाच्या लवचीक प्लॅस्टिकचा मागा, स्वस्त पीव्हीसी पिवळा पडतो. फ्रेम मॅट असेल तर फिल्मही मॅट.

आधी कागदाचा साचा कापा, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा पहिला उचकटतो. फ्रेम धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब टाकून ते फ्रेमवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारा, म्हणजे ती सरकवता येते. मग जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढत जा. वळणावर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या. एक दिवस सायकल बाहेर काढू नका. आणि ब्लेड फ्रेमवर टेकवू नका! मी जास्तीची कड फ्रेमवरच कापायला गेलो होतो. फिल्म कापली गेली, खालचा रंगही. ती रेघ रोज दिसते.

उरलेल्या १०,१०० मधून चांगलं कुलूप आणि चेनची झीज मोजायची पट्टी घ्या. झिजलेली चेन वेळेवर बदलली नाही तर ती कॅसेटही खाते, आणि तो खर्च टवक्यापेक्षा मोठा असतो. बाकीचे पुढच्या सायकलीच्या आरडीत टाका. सायकल चकचकीत दिसावी म्हणूनच पूर्ण फ्रेमला फिल्म हवी असेल, तर खुशाल लावा, फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा.

दुसरा पीपीएफ, १५ वर्षांचा, तुमचा आहे की नाही ते पत्रात नाही. तेवढं कळवा.