‘व्हिडिओच इतकं छान शिकवतो, मग माझी गरज काय?’

शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा अलीकडे एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. ‘मुलांना सगळं मोबाइलवर मिळतं, माझं कोण ऐकणार?’ ‘एआय माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतं.’ त्यांतल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

ती विज्ञानाची छात्राध्यापिका. हुशार, मेहनती. सराव पाठाच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोटात गोळा. निरीक्षकांचे शेरे मात्र चांगले असायचे: ‘शैक्षणिक साधनांचा उत्तम वापर.’ नेमका तोच शेरा वाचून तिला रडू यायचं.

“मॅडम, कौतुक स्लाइड्सचं होतं. चंद्रकलांचा व्हिडिओ लावला की मुलं टक लावून बघतात. मी बोलायला लागले की चुळबुळ सुरू. म्हणजे मी नसले तरी चालेल.”

मी तिला लगेच धीर दिला नाही. यंत्र माणसाची जागा घेऊ शकत नाही, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं पण तेवढ्याने तिला झोप लागत नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून मांडलेल्या विचारावर माझं काम उभं आहे: प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनाशी जे बोलतो, ते आपल्याला जास्त छळतं. ती मनाशी काय बोलते, ते मला नेमकं ऐकायचं होतं.

“व्हिडिओ चालू असतो तेव्हा तू कुठे असतेस?”

“बाजूला. भिंतीजवळ.”

“तेव्हा कसं वाटतं?”

“बरं वाटतं,” ती पटकन बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

“बरं कशामुळे वाटतं?”

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिले. मग म्हणाली, “तेवढा वेळ मला कुणी प्रश्न विचारणार नाही म्हणून.”

गाठ इथे सैल झाली. पूर्वी एका पाठात एका मुलाने विचारलं होतं, ‘मग चंद्र कधी कधी दिवसा कसा दिसतो?’ तिला उत्तर सुचलं नाही. ‘ते नंतर बघू’ म्हणत तिने पुढची स्लाइड लावली. त्यानंतर प्रत्येक पाठात स्लाइड्स वाढत गेल्या, मुलांना मध्ये बोलायला फटच राहू नये इतक्या.

“ज्या शिक्षिकेला एखादं उत्तर येत नाही, ती कशी शिक्षिका?” मी विचारलं.

“ती शिक्षिकाच नाही.” स्वतःचं वाक्य कानावर पडलं तशी ती थांबली.

“तुझ्या आवडत्या शिक्षकांनाही हाच नियम लावशील?”

“छे! आमचे सर म्हणायचे, ‘मलाही बघावं लागेल, उद्या सांगतो.’ आणि खरंच सांगायचे. म्हणून तर ते आवडायचे.” इतक्या भेटींत ती पहिल्यांदा मोकळं हसली.

असे क्षण मला या कामात बांधून ठेवतात. पडदा आपला प्रतिस्पर्धी आहे असं ती सांगत आली होती, आणि तोच तिचा आडोसा झाला होता. ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांत मला हे दिसतं. यंत्राच्या भीतीखाली मुलांसमोर उघडं पडण्याची भीती दडलेली असते. आणि आडोशाचा तोटा असा की प्रत्येक वेळी प्रश्न टाळला की पुढचा प्रश्न आणखी भयंकर वाटू लागतो.

मी तिला व्हिडिओ सोडायला सांगितलं नाही. तोच व्हिडिओ मध्येच थांबव, एक प्रश्न विचार आणि मनात तीन अंक मोजेपर्यंत बोलू नकोस, एवढंच ठरलं. यामागे आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला दिसलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात.

पुढच्या भेटीत ती धावतच आली. “अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो, असं विचारलं. निम्म्या वर्गाने सांगितलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून! मॅडम, इतका सुंदर व्हिडिओ बघूनही! सावलीचा संबंध ग्रहणाशी असतो, हे त्यांच्या डोक्यात गेलंच नव्हतं. व्हिडिओला हे कधी कळलं नसतं. मला कळलं.” मग तिने दिवा आणि चेंडू घेऊन चंद्राची उजेडातली बाजू आपल्याला कधी किती दिसते, ते मुलांकडूनच करवून घेतलं. दिवसाच्या चंद्राचंही उत्तर ती शोधून आली होती: शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्र दुपारीच उगवलेला असतो, म्हणून तो उन्हातही दिसतो.

हे वाचणाऱ्या छात्राध्यापकांना माझं सांगणं आहे: पाठाचं टाचण एआयकडून घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी या घटकात मुलं कुठे अडतील, काय चुकीचं समजतील, ते स्वतःच्या हाताने लिहा. साधन त्यानंतर निवडा. व्हिडिओ संपला की पडदा बंद करून आठवेल ते मुलांना लिहू द्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, म्हणून ही तपासणी लागतेच. आणि ‘मला आत्ता माहीत नाही, बघून सांगते’ हे वाक्य मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी पाळा.

निरीक्षकांनाही एक विनंती. साधनांच्या वापराबद्दल शेरा जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी त्या तासाला एखाद्या मुलाने काय विचारलं आणि शिक्षिकेने ते कसं ऐकून घेतलं, तेही एका ओळीत लिहा.