श्यामच्या आईचा राग आला, आता काय करू?

ताई,
वय 54, सांगलीत पतसंस्थेत नोकरी. पोळ्या लाटताना मसाल्याच्या डब्याला पुस्तक टेकवून वाचणारी बाई मी. घरातल्या निम्म्या पुस्तकांना हळद लागलीय. गेल्या महिन्यात ‘श्यामची आई’ काढलं, सातवीत बक्षीस मिळालेलं. तेव्हा ढसाढसा रडले होते. यावेळी पोहायला जायच्या प्रसंगाशीच अडले. भीतीने माळ्यावर लपलेल्या पोराला आई शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते, ते वाचवेना. चक्क राग आला तिचा. माझा मुलगाही लहानपणी पाण्याला घाबरायचा, मी त्याला दोन फटके देऊन तलावात ढकललं होतं, असो. आता ‘फास्टर फेणे’ उघडायला हात धजत नाही. तेही गेलं तर? हे म्हणतात, “शेवट बदललाय का? परत परत काय वाचतेस?” काय करू? पुस्तकाची शिवण सुटलीय, चिकटपट्टी लावू का?
– हळदवाली वाचक

प्रिय हळदवाली,

आधी यजमानांचं उरकून टाकू. 1983च्या वर्ल्डकपची फायनल टीव्हीवर लागली की ते चॅनल बदलतात का, एकदा बघून ठेवा. रिचर्ड्सचा झेल कपिल देव दरवेळी घेतोच, तरी माणसं खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. पुढच्या वेळी एवढंच विचारा, निकाल बदललाय का?

आता तुमच्या रागाचं. तो गिळू नका. ‘तो काळच तसा होता’ म्हणून कुणी समजूत घालायला आलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. घाबरलेल्या मुलाला मारलेलं आज वाचवत नसेल तर तुमच्यातल्या वाचकाला काही झालेलं नाही, ती नीट वाचतेय. सातवीत तुम्ही श्याम होतात. मार त्याचा, रडू त्याचं आणि शेवटी पोहता आल्याचा आनंदही त्याचाच. आता तुम्ही विहिरीच्या काठावर उभ्या आहात, मोठ्यांच्या बाजूला. तिथून शिंपटी धरलेला हात आधी दिसतो.

आणखी एक पाहा. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, त्याचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत. गुरुजी तेव्हा 33 वर्षांचे होते, आई जाऊन पंधराएक वर्षं झालेली. म्हणजे आज तुम्ही लेखकापेक्षा वीस-एकवीस वर्षांनी मोठ्या आहात! आपण जन्मभर त्या पुस्तकाकडे खालून वर पाहत आलो, पण लिहिणारा एक तरुण, पोरका मुलगा होता. कोठडीत बसून तो आईचं आठवेल ते भराभर उतरवत होता. पोराला चारचौघांनी भित्रा म्हणू नये म्हणून तिने मारलं, हे तिचं कारणही तोच सांगतो. आईची बाजू मुलाने मांडलीय. ती स्वतः लिहायला बसली असती तर त्या दिवसाबद्दल काय लिहिलं असतं, हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला मात्र थोडंफार ठाऊक असावं.

कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात अडलेलं वाक्य तुम्ही ‘असो’ म्हणून संपवलंय. पुस्तकाबद्दल पानभर लिहिलंत आणि मुलाच्या त्या प्रसंगाला एक ओळ. मला वाटतं, राग श्यामच्या आईचा कमी आणि तलावाच्या काठावरच्या त्या बाईचा जास्त आहे. तेव्हा हाच प्रसंग तुमच्या डोक्यात होता का? असेल तर नवल नाही. आपल्या पिढीतल्या कितीतरी आयांनी त्या पानाकडे बोट दाखवून हात उचललाय.

मग त्याच्याशी बोला. फोनवर चालेल, पण इकडच्या तिकडच्या गप्पांत, मोठा प्रसंग करून नव्हे. ‘तुला तलावाचं आठवतं का रे?’ एवढ्याने सुरुवात होते. कदाचित तो हसून म्हणेल, आई, त्यामुळेच तर पोहायला लागलो. कदाचित तसं म्हणणार नाही. दोन्हीला तयारी ठेवा आणि तो बोलत असताना आपली कारणं मध्ये घालू नका. पुस्तकातला उतारा तर मुळीच वाचून दाखवू नका.

‘फास्टर फेणे’ची भीती मला पटत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश तुम्हाला कधी वळण लावायला आलाच नव्हता. ‘ट्टॉक्’ करायचं, सायकलवर टांग मारायची आणि नको तिथे नाक खुपसायचं, एवढाच त्याचा धंदा. फार तर काय होईल? चोर कोण ते तुम्हाला तिसऱ्या पानावर कळेल. होऊ दे की. लहानपणी गोष्टीच्या मागे धावताना भागवतांची वाक्यं किती चपळ आहेत याकडे कुणाचं लक्ष होतं? आता जाईल. एखादं पुस्तक खरंच फिकं निघालं तर अर्ध्यात मिटा. आवडतं होतं म्हणून संपवलंच पाहिजे, अशी काही सक्ती नाही.

मात्र कपाट उघडून एकामागून एक सगळ्यांची परीक्षा घ्यायला बसू नका. मध्ये नवं काहीतरी वाचा. आणि जुन्याचीच तल्लफ आली तर ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. नोव्हेंबर 1971चा पहिला अंक म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचा. त्यांना हळद लागायची सोय नाही, एवढीच काय ती उणीव.

चिकटपट्टी अजिबात नको. काही वर्षांनी ती पिवळी पडून सुटते आणि तिचा गोंद कागदातच राहतो. वह्या-रजिस्टरं बांधणारा जुना बाइंडर गाठा आणि शिवून घ्या. त्याला आधीच बजावा की कडा कापायच्या नाहीत. त्यांना मशीनवर तिन्ही बाजू साफ करायची सवय असते, आणि सातवीतल्या मुलीने समासात काही लिहून ठेवलं असेल तर ते तिथेच जातं.

– तुमची ताई