आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच लंडन आणि बर्लिनला जातोय, टॅक्सी परवडणार नाही, बस-मेट्रोने फिरणं जमेल का?

जमेल, टॅक्सीच्या नादी लागूच नका. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकचे, आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत आणि भाषेची भीती वाटते. मीपण नाशिकचाच, सिडकोतला, आणि दोन्ही शहरांत घरच्यांना घेऊन बस-मेट्रोनेच फिरलोय. भाषेचं टेन्शन सोडा, अडचण वेगळीच असते. आपल्याकडे नाशिकची सिटीलिंक बस असो नाहीतर एसटी, आपण चढतो, जागा धरतो आणि मग कंडक्टर येऊन तिकीट देतो, सुट्टे नसतील तर तिकिटामागे लिहून देतो. तिकडे हा माणूसच नाही. तिकीट घेतलं का, ते चालू झालं का, कुठपर्यंत चालतं, सगळं तुमचं तुम्ही बघायचं.

लंडन सोपं आहे. वेगळं तिकीट काढायचंच नाही, तुमचं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड पिवळ्या गोल रीडरला टेकवायचं. ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा, बसमध्ये फक्त चढताना. बाहेर पडताना टॅप राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापतात, आणि काही स्टेशनांवर गेटच नसतं, नुसता रीडरचा खांब असतो, तिथे लोक सरळ निघून जातात, म्हणून आई-बाबांना थांबवून टॅप करायला लावा. दिवसाची ठराविक रक्कम कापली गेली की पुढे कापत नाहीत, त्यामुळे पासचा हिशोब करत बसू नका. बसमध्ये 2014 पासून रोख चालत नाही.

आणि हे नीट वाचा, एका माणसाला एक कार्ड. तुमच्या एका कार्डावर तिघं जाणार नाहीत. सकाळी कार्ड टेकवलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून टेकवलं, तरी त्यांच्या सिस्टिमला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दिवसाची मर्यादा वेगवेगळी मोजली जाते, म्हणून दिवसभर एकच काय ते वापरा. आई-बाबांकडे नुसतं रुपे असेल तर त्यांच्यासाठी फोरेक्स कार्ड (परकीय चलन भरून नेायचं कार्ड) घ्या, नाहीतर तिकडे स्टेशनवर ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड, मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बंदच येतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून नाशिकमध्ये असतानाच चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर ओटीपीसाठी इथल्या सिमला रेंज शोधत बसायची वेळ नको.

बर्लिनला मात्र गेटच नाहीत. सरळ चालत प्लॅटफॉर्मवर जाता येतं, कोणी अडवत नाही, आणि नवीन माणूस इथेच फसतो. मशीनमधून कागदी तिकीट काढलं तरी ते अजून चालू झालेलं नसतं, प्लॅटफॉर्मवर लाल किंवा पिवळा छोटा डबा असतो त्याच्या फटीत तिकीट सारायचं, खट्ट आवाज येतो आणि तारीख-वेळ छापली जाते. छाप नसेल तर तिकीट हातात असूनही तुम्ही विनातिकीट. तपासणारे बरेचदा साध्या कपड्यांत असतात, दोन स्टेशनांच्या मध्ये उठून तिकीट मागतात, दंड 60 युरो, आणि आम्ही टुरिस्ट आहोत वगैरे कोणी ऐकून घेत नाही. भाड्यासाठी ए, बी, सी असे झोन केलेत, शहरात एबी झोनचं तिकीट पुरतं पण विमानतळ सी मध्ये येतो, त्यामुळे उतरल्या उतरल्या एबीसी घ्या. एकेरी तिकीट दोन तास चालतं पण एकाच दिशेने, त्याच तिकिटावर परत यायचं नाही. दिवसभर फिरणार असाल तर 24 तासांचं घ्या, डोक्याला ताप नाही.

आई-बाबांच्या गुडघ्यांचं बघा. लंडनच्या बऱ्याच जुन्या ट्यूब स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि लाइन बदलताना जिने चढून-उतरून जीव जातो, म्हणून वेळ असेल तर मी बसच धरीन, तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसेही लागत नाहीत. बर्लिनमध्ये 100 नंबरची बस झू स्टेशनवरून अलेक्झांडरप्लात्झला जाते, संसद, ब्रांडेनबुर्ग गेट सगळं वाटेत, साध्या तिकिटात. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर टूर बसवर पैसे घालवायची गरजच नाही.

गुगल मॅप्स ऑफलाइन डाउनलोड केला तरी बस-ट्रेनचे टायमिंग त्यात दिसत नाहीत, तेवढ्यासाठी तिकडचं सिम किंवा ई-सिम घ्याच. हॉटेल कुठल्या एरियात घेताय ते सांगा, जवळची लाइन बघून सांगतो.