ठासणीच्या बंदुकीला ब्राउनिंग केल्यावर नळीला पुन्हा पुन्हा गंज येतोय, कसा थांबवायचा?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण हे सगळं माझ्या हातून होऊन गेलंय. तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ठासणीच्या (तोंडातून बार ठासून भरायच्या बंदुकीच्या) नळीला ब्राउनिंग केलं, म्हणजे सोल्यूशन लावून मुद्दाम गंज चढवून त्याचा तपकिरी थर आणला, रंग झकास चॉकलेटी आला, पुसून तेल लावून ठेवली आणि आठ दिवसांत तेलाखालून केशरी ठिपके वर आले, पुसले की चार दिवसांनी परत तिथंच, दोनदा तेल बदललं तरी तेच. आता कुठलं तेल लावू असं विचारताय.

तेलाचा दोष नाही ओ. नळीत मीठ राहिलंय.

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुका. मी बेळगावात उद्यमबागेत बावीस वर्षं मशीन शॉपला काढलीत, त्यामुळं ब्लॅकोडायझिंग (लोखंडावर काळा ऑक्साइड चढवणं) वगैरे रोजचं होतं, लोखंड आपल्याला कळतं असा एक माज होता. घरात पीक राखायच्या लायसनवरची एकनळी ठासणीची, आजोबांपासून चालत आलेली. (कोडगूतल्या (कूर्ग) कोडव लोकांना लायसनची सूट आहे, आम्हाला कुठली, आम्ही वेळेवर रिन्यू करत बसायचं.) तर २०१९ च्या जुलैत मी तिला ब्राउनिंग करायला घेतलं. ब्राउनिंगला दमट हवा लागते, लोक त्यासाठी लाकडी पेटीत ओलं फडकं घालून नळी टांगतात, आमच्याकडे जुलैत अख्खं घरच पेटी असतंय, भिंतीला हात लावला तर ओला होतो. सोल्यूशनचा एकेक हात तीन-चार तासांत गंजायचा, गोणपाटाच्या तुकड्यानं घासून परत सोल्यूशन, असे सात हात चार दिवसांत झाले. रंग असा आला की गावातली दोघं-तिघं बघायला आली. थंड पाण्यानं धुतली, पुसली, तेल लावलं, खुंटीला टांगली आणि मी बेळगावला आलो. पुढं ऑगस्टमध्ये तो पूर आला, रस्ते बंद, मी पंधरा-वीस दिवसांनी गावी पोचलो तर नळीवर सोयाबीनच्या पानावर तांबेरा पडतो ना, अगदी तसं.

आता हे होतं का ते बघा. ब्राउनिंगच्या सोल्यूशनमध्ये काय असतं, फेरिक क्लोराइड, नवसागर, मोरचूद, थोडं नायट्रिक अ‍ॅसिड, ज्याचा त्याचा फॉर्म्युला वेगळा पण आम्ल आणि क्षार (म्हणजे मीठ) हे दोन आलेच. त्यांचं कामच गंजवणं. आपण शेवटचा हात घासला की आपल्या हिशेबानं काम संपतं, सोल्यूशनच्या हिशेबानं संपत नाही. त्यातलं क्लोराइड खर्ची पडत नाही, ते लोखंडाला धरतं, हवा आणि ओल मिळाली की त्याचा गंज होतो आणि आम्ल परत मोकळं होऊन शेजारचं लोखंड धरतं. विरजणासारखं आहे ते, भांड्याला बोटभर चिकटून राहिलं की नवीन दूध ओतलं तरी नासणार. शिवाय ते हवेतली ओल स्वतःच ओढून घेतं. आणि ब्राउनिंगचा थर असतो सच्छिद्र, म्हणून तर तो तेल छान पितो, पण त्याच भोकांत हे मीठ दडून बसतं. तुम्ही वरून तेल लावलं म्हणजे काय केलं, चोराला घरात ठेवून दाराला कुलूप लावलं.

त्यामुळं तेल पुसून काढा आणि मागं जाऊन परत सुरुवात करा. रंग जायची भीती नको, नीट केलं तर जात नाही.

सगळ्यात आधी, तुम्ही ब्राउनिंग करताना बघितलं असणार तरी परत सांगतो, नळी रिकामी आहे का बघा. गज आत टेकेपर्यंत घाला, तोंडाशी बोटानं खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघा, गज मागच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. चार बोटं कमी भरला तर आत काहीतरी आहे, मग थांबा आणि लायसनवाल्या गनस्मिथकडे न्या. जुन्या ठासणीत आजोबांच्या काळचा बार तसाच भरलेला निघू शकतो, ही थट्टा नाही.

मग नळी दस्त्यापासून (बंदुकीच्या लाकडी भागापासून) सुटी करा, कारण मीठ सगळ्यात जास्त कुठं राहतं तर दस्त्याखाली गेलेल्या भागात, नळी दस्त्याला धरणाऱ्या पट्ट्यांच्या खाली आणि निप्पलच्या (ठिणगीची टोपी बसवायच्या भोकाच्या बोंडाच्या) आजूबाजूला. तुमचे ठिपके परत परत "तिथंच" येतात म्हणालात, ते बहुतेक याच जागा असतील. तेल काढायला रॉकेल किंवा थिनर, नंतर भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा. तेलकट नळीवर सोड्याचं पाणी टेकतच नाही, कमळाच्या पानावर पाणी ओतल्यासारखं घरंगळतं.

आता खरं काम. एक लिटर गरम पाण्याला तीन-चार चमचे खाण्याचा सोडा. आमच्याकडे एवढ्या लांब नळीला भांडं नव्हतं, मी तीन इंची पीव्हीसी पाईपला खालून एंड कॅप चिकटवली, उभी करून भिंतीला बांधली आणि नळी त्यात सोडली, वरपर्यंत सोड्याचं पाणी. पाणी हाताला चटका बसेल इतपतच गरम ठेवा, उकळतं नको, एक तर पीव्हीसी मऊ पडतो आणि दुसरं कारण खाली सांगतो. अर्धा तास ठेवा, पाणी ओता, ताजं करा, परत अर्धा तास. मी तीनदा केलं. मधेमधे जुन्या टूथब्रशनं कोपरे घासायचे, निप्पलच्या भोकात सोड्याचं पाणी सिरिंजनं मारायचं, नळीच्या आतूनही फडक्याचा बोळा फिरवायचा. पूर्वीची माणसं सोड्याऐवजी चुन्याची निवळी वापरायची, तीही चालते. अमोनियापण चालतो पण वास डोक्यात जातो आणि तुमच्या नळीच्या टोकाला नेम धरायचा पितळी मणी असेल तर पितळेला तो मानवत नाही, म्हणून मी नको म्हणतो.

इथं बरेच जण फसतात. सोड्यानं आम्ल मेलं म्हणजे झालं असं वाटतं, पण सोडा आणि ते आम्ल मिळून तयार काय होतं, परत मीठच, आपलं खायचं मीठ. ते धुऊन गेलं नाही तर तुम्ही नळीला मिठाचं लोणचं घातल्यासारखं आहे. म्हणून सोड्यानंतर साध्या गरम पाण्यानं चार-पाच वेळा खळाखळा धुवायचं. आणि पाणी कुठलं हेही बघा, बोअरचं पाणी असेल तर त्यातच क्षार, मग काय उपयोग. मी पागोळीचं पावसाचं पाणी तापवून वापरलं (कौलं चांगली धुऊन निघाल्यावरचं, पहिल्या पावसाचं नाही), नसेल तर शेवटच्या धुण्याला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा, दोन-तीन लिटर पुरतं.

आता ते उकळत्या पाण्याचं. पहिल्या वेळी फजिती झाल्यावर मी चिडून नळी उकळायला घातली, म्हटलं शिजवूनच काढतो याला. अर्ध्या तासानं बाहेर काढली तर चॉकलेटी रंग गेला आणि नळी काळीभोर! लाल गंज पाण्यात उकळला की त्याचा काळा ऑक्साइड होतो, तो मुद्दाम करतात त्याला रस्ट ब्लूइंग म्हणतात, टिकायला तो जरा बराच असतो. तुम्हाला काळा चालत असेल तर खुशाल उकळा. मला आजोबांच्या वेळचा तांबूस रंग हवा होता, म्हणून सगळं घासून पहिल्यापासून केलं, या वेळी फेब्रुवारीत, कोरड्या हवेत, हात गंजायला रात्र-रात्र लागली पण रंग जास्त सारखा आला. घाईनं चढवलेला गंज जाड आणि भुसभुशीत येतो असा माझा अनुभव आहे.

धुऊन झालं की लगेच वाळवायचं, गरम पाण्यातून काढलेली नळी स्वतःच निम्मी वाळते, उरलेलं हॉट एअर गननं नाहीतर चुलीच्या कडेला (जाळात नाही, कडेला). हातात जेमतेम धरवेल इतकी गरम असतानाच तेल चोपडा, भरपूर, ओघळेल इतकं, आतून-बाहेरून. गरम नळी तेल आत ओढते. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पुसा. तेल म्हणजे गाडीचं नवीन इंजिन ऑइल चालतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून आणू नका, त्यात आम्ल तयार झालेलं असतं, म्हणजे परत पहिले पाढे. शेंगतेल, खोबरेलही नको, चिकट होऊन खवटतं. आणि डब्ल्यूडी-४० हे पाणी हुसकायला चांगलं, पण ते पातळ असतं, पावसाळाभराच्या भरवशाचं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस नळी घरातच, डोळ्यांसमोर. रोज पांढऱ्या सुती फडक्यानं पुसून बघायचं. पहिले काही दिवस फडक्याला तपकिरी रंग लागणार, तो सुटा गंज असतो, घाबरू नका. बघायचं ते नळीकडे, फडक्याकडे नाही. नवीन गंज वेगळा दिसतो, ताजा केशरी, दाणेदार, एका जागी ठिपका धरून. तसा दिसला तर तेवढ्या जागेला तेल काढून परत सोडा, परत धुणं, परत गरम करून तेल. माझी दुसऱ्या वेळी पण निप्पलपाशी एक जागा दोनदा करावी लागली.

आठ-दहा दिवस शांत गेले की मेण. मधमाशीचं मेण आणि टर्पेन्टाइन, मेण गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवायचं, चूल-गॅस बंद करून मग टर्पेन्टाइन ओतायचं, नाहीतर पेट घेईल. कोमट नळीवर बोटानं चोळायचं आणि सुकल्यावर लोकरीच्या कापडानं घासायचं. आमच्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसाला नुसतं तेल पुरत नाही, मेण पाहिजेच. नळीखालच्या दस्त्याच्या खाचेला पण जवसाच्या तेलाचा हात द्या, कोरडं लाकूड ओल धरून ठेवतं आणि ती नळीला देत बसतं. चामड्याच्या गवसणीत ठेवू नका, चामडं कमावताना लागलेले क्षार त्यात असतात. आजोबा चुलीच्या वरच्या तुळईला टांगायचे, तेव्हा धूर खाऊन काळी पडते म्हणून आम्ही नावं ठेवायचो, पण तिथं बारा महिने कोरडी उबच असायची.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी बंदुकीला हळद-कुंकू, वर नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात, आणि नारळपाण्यात क्षार असतातच. दरवर्षी दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी ठिपके येतात म्हणून मी हवेला दोष देत होतो! आईला हे सांगितलं तर ती ऐकणार होय? शेवटी पूजा दस्त्याच्या लाकडाला करायची असं ठरलंय, आणि मी नळीला आदल्या दिवशी मेणाचा जाड हात देतो.

तुमचं निवडणुकीच्या वेळी काय? आम्हाला आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, २०२४ च्या लोकसभेला जवळजवळ अडीच महिने तिथं होती, तिथं कोण पुसणार आहे. जमा करायच्या आदल्या रात्री मेणावर तेलाचा हात देऊन नळी तेलकट कापडात गुंडाळतो, प्लास्टिकमध्ये नाही, आत घाम धरतो. परत आणल्यावर ठाण्याच्या पायरीवरच कापड सोडून बघितलं, ठिपका नव्हता. तुमच्या निप्पलपाशीचा एक फोटो टाका, नवीन गंज आहे की जुनाच निघतोय ते सांगतो.