पुण्याहून आकाशनिरीक्षणाला जाण्याआधी स्टेलॅरियमवर काय बघून ठेवावं?

आधी चंद्र बघा, मग वार. अमावास्येच्या जवळचा शनिवार सापडला की निम्मं काम झालं. स्टेलॅरियम हे संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ठिकाण पुणे (साधारण १८.५ अंश उत्तर) ठेवा आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंश कधी जातो ते पाहा. खरा अंधार तिथून सुरू होतो, सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने.

आता महत्त्वाचं. पडद्यावरचं क्षितिज सपाट असतं, आपल्या मावळातलं नसतं. अगस्त्य हा तारा घ्या. जानेवारीच्या मध्याला तो मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत वर येतो, पण इथून तेव्हाही जेमतेम १९ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, म्हणजे दोन मुठींपेक्षाही थोडा खाली. पानशेतच्या बाजूला दरीत बसलात आणि दक्षिणेला डोंगर असला, तर अगस्त्य दिसणारच नाही. माझी एक अख्खी रात्र अशी गेली आहे. म्हणून जागा दिवसाउजेडी पाहून या, दक्षिणेकडचा डोंगर मुठींनी मोजा आणि मगच यादी करा. शहराचा उजेड ज्या दिशेला, तिकडचे अंधुक तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) यादीतून सरळ काढा. मृगातला तेजोमेघ मात्र ठेवाच, साध्या दुर्बिणीतूनही तो सुरेख दिसतो.

तिथे पोहोचल्यावर संगणकावर कंट्रोल आणि एन दाबा, पडदा लाल होतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा एक पांढरा झोत तो वाया घालवतो.