न्यूरॉन हा आपल्या स्नायूचा सख्खा भाऊ

प्रश्न असा आहे: "'मेंदूतल्या नसा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांतून संदेश जातात' हे वाक्य बरोबर आहे का? आणि सिनॅप्सला मराठीत काय म्हणावं?"

वाक्य चूक आहे. 'नस' एक वेळ सोडून देऊ. बोलताना रक्तवाहिनीही नस आणि मज्जातंतूही नस. शास्त्रीय मजकुरात तेवढी टाळावी. माझा खरा राग 'जोडलेल्या'वर आहे. आरोग्यावरचा कुठलाही लेख उघडा, चेतापेशी, म्हणजे न्यूरॉन, एकमेकींना 'जोडलेल्या' असतात, मेंदूचं 'वायरिंग' असतं आणि त्यातून 'करंट' वाहतो. अहो, चेतापेशींची सगळी गंमत त्या जोडलेल्या नसण्यात आहे! एकीचं टोक दुसरीच्या अगदी जवळ येऊन थांबतं. मध्ये फट राहते, साधारण 20 नॅनोमीटरची, म्हणजे मिलीमीटरचा पन्नास हजारावा भाग. विजेचा आवेग अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीच्या, टोकापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. त्याच्यामुळे टोकात कॅल्शियम शिरतं, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या पटलाला भिडून बाहेर रिकाम्या होतात, ते रसायन फट ओलांडून पलीकडच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या रेणूंवर, बसतं. मग तिथे नवा आवेग उठतो, किंवा उठू पाहणारा आवेग दाबला जातो. ही दाबण्याची बाजू लेखांतून हमखास गळते. 'गप्प बस' हाही निरोपच असतो. काही ठिकाणी शेजारच्या पेशी सूक्ष्म नलिकांनी थेट जोडलेल्या असतात हे खरं, पण बहुतेक कारभार फटींवरूनच चालतो.

आता सिनॅप्स, म्हणजे फटीसकट ही भेटीची जागा. हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1897 साली, मायकेल फॉस्टर यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, वापरात आणला. त्यांच्या मनात आधी 'सिंडेस्म' होता. केंब्रिजचे ग्रीक पंडित आर्थर व्हेराल यांनी 'सिनॅप्स' सुचवला, कारण त्याचं विशेषण जास्त चांगलं होतं. मूळ अर्थ 'एकत्र धरणं, बांधणं'. पण तो अर्थ मराठी कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे शब्द निरुपद्रवी आहे.

सिनॅप्सला 'चेतासंधी' म्हणणं मात्र मला मुळीच मान्य नाही, परिभाषाकार काहीही म्हणोत. व्याकरणात संधी म्हणजे मिसळून एक होणं. विद्या आणि आलय यांचा संधी झाला की दोन 'आ' जाऊन एकच उरतो. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांना मेंदूबद्दल अगदी हेच वाटत होतं: सगळ्या पेशी मिसळून एकच अखंड जाळं. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जींचीच चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची पद्धत वापरून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि गोल्जींनी नोबेलच्या भाषणातही आपलं जाळं सोडलं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 1950 च्या दशकात फट प्रत्यक्ष दिसली आणि वाद मिटला. 'संधी' म्हणून आपण हरलेल्या पक्षाला मराठीत जिंकवतो आहोत. कुणी म्हणेल, हाडांच्या सांध्यातही हाडं वेगळीच राहतात की. राहतात, पण ती बंधांनी आवळलेली असतात. आणि त्या बंधांना सुश्रुतसंहिता काय म्हणते? स्नायू!

मला खरं तर इथेच यायचं होतं. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 सांगितले आहेत, आणि दोरांनी घट्ट बांधलेली फळ्यांची नाव जसा भार पेलते तसं स्नायूंनी सांध्यांत बांधलेलं शरीर भार पेलतं, असं म्हटलं आहे. स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. धनुष्याच्या दोरीलाही हाच शब्द. ग्रीक 'न्यूरॉन'चा जुना अर्थही हाच, कंडरा (मांस हाडाला बांधणारी दोरी) आणि धनुष्याची दोरी, आणि हा योगायोग नव्हे. दोन्ही एकाच मूळ शब्दाची लेकरं, ग्रीकमध्ये आरंभीचा 'स' गळाला इतकंच. लॅटिन 'नर्वस', म्हणजे आजचा 'नर्व्ह', त्याच घरातला. उघडलेल्या शरीरात कंडरा आणि मज्जातंतू दोन्ही पांढऱ्या, चिवट दोऱ्याच दिसतात, म्हणून नावही एकच होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ग्रीक वैद्य हेरोफिलस यांनी मज्जातंतू कंडरांपासून वेगळे ओळखले, आणि पुढे नाव मज्जातंतूंकडे गेलं. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डायर यांनी 1891 मध्ये ते पेशीला दिलं. म्हणजे बांधणाऱ्या दोरीचं नाव शेवटी अशा पेशीला मिळालं जी शेजारणीला बांधलेलीच नाही.

बंगालीत 'स्नायु' म्हणजे मज्जातंतूच, हिंदीतही तो अर्थ आहे. मराठीत तो मांसाकडे का वळला? माझा तर्क असा, आणि तो मी सोडणार नाही: दोष 'पेशी'चा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, हिंदीत आजही तेच. मराठीने पेशी उचलून सजीवांच्या सूक्ष्म घटकाला दिली, मांसाची जागा रिकामी पडली आणि तिथे स्नायू येऊन बसला. आपली 'चेतापेशी' हिंदी वाचकाला भलतीच वाटते ती त्यामुळेच. मज्जातंतूसाठी मराठी विश्वकोशाने 'तंत्रिका' वापरली. तंत्री म्हणजे तार, विचार चांगला, पण हाताशी स्नायू असताना नवी दोरी वळण्याची गरज नव्हती.

आपण हात उचलतो तेव्हा ही दोन भावंडं भेटतात. न्यूरॉनचं टोक स्नायूच्या तंतूपाशी येऊन थांबतं. इथली फट मेंदूतल्या फटीहून रुंद असते. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे पोचतं, स्नायू आकसतो, आणि फटीतच बसलेलं एक विकर (एन्झाइम) ते रसायन लगोलग तोडून टाकतं, म्हणून स्नायू पुढच्या निरोपासाठी मोकळा होतो.