व्हॉल्व्ह जाम झाला, पण नेमका कुठे?

प्रश्न : घर गरम ठेवायला बॉयलरचं गरम पाणी फिरतं, ते खोल्यांतले सगळे रेडिएटर तापतात, एकच थंडगार राहतो. थर्मोस्टॅटिक नॉब (खोलीच्या तापमानानुसार पाणी आपोआप कमी-जास्त करणारा) पाचवर आहे, हवाही काढून पाहिली. पाइप व्हॉल्व्हपर्यंत चांगला गरम लागतो. व्हॉल्व्ह बदलावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. पाणी दारापर्यंत येतंय, दार उघडत नाहीये. नॉबमध्ये मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि खालच्या पितळी भागातली पिन आत दाबते. खोली गार झाल्यावर मात्र कुपी पिन ओढत नाही, नुसता दाब काढून घेते. पिन वर येते ती आतल्या स्प्रिंगच्या जोरावर. हीटिंग नको म्हणून नॉब महिनोन्महिने बंद राहिला, की पिनेभोवती गंज आणि क्षार धरतात, व्हॉल्व्हचं तोंड मिटणारं रबर त्याच्या बैठकीला चिकटतं आणि स्प्रिंगची ताकद कमी पडते.

बॉयलर बंद करून पाणी निवू द्या. नॉब सर्वांत मोठ्या आकड्यावर न्या आणि मगच त्याखालची कॉलर सोडवा. पूर्ण उघडा नसेल तर परत बसवताना तो पिनेवर दाब देतो आणि कॉलरचे आटे धरत नाहीत. आता पिनेच्या टोकावर पान्याची सपाट बाजू टेकवून दाबा. पिन दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन, सोडताच टुणकन वर यायला हवी. आत जातच नसेल, तर ती आधीच खाली अडकलेली आहे. पिनेच्या मुळाशी सिलिकॉन स्प्रेचा थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पितळी भागावर बाजूने हलके ठोके द्या. किंचित हलली, की वीस-तीस वेळा दाबा-सोडा. साधं खनिज तेल टाळा. त्याने पिनेवरची रबरी रिंग फुगू शकते, आणि मग पिन आणखी घट्ट होते. पक्कडीने पिन उपटायच्या फंदात तर पडूच नका. काही बनावटींत ती हातात येते आणि मागोमाग काळं पाणी!

पिन मोकळी आहे आणि नॉब काढल्यावर रेडिएटर तापतो? मग नॉबच बिघडलाय, तेवढाच बदला. तरीही गार? दुसऱ्या टोकाचा, टोपीखालचा व्हॉल्व्ह बंद नाही ना, ते बघा.

प्रश्न : हीटिंग बंद केलं तरी बॉयलर चालूच राहतो. काय अडकलं असेल?

उत्तर : मोटरवर चालणारा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे घराच्या एका भागाकडे जाणारं गरम पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला असावा. स्प्रिंगने मिटणाऱ्या प्रकारात तो उघडला, की डोक्यातला (वरच्या मोटरच्या डबीतला) छोटा स्विच बॉयलरला ‘चालू हो’ सांगतो. व्हॉल्व्ह मिटलाच नाही, तर स्विच दाबलेलाच राहतो. मेन स्विच बंद करा. डोक्याच्या बाजूची, हाताने व्हॉल्व्ह उघडायची कळ सैल लटपटत असेल, तर व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे. डोकं वेगळं निघत असेल तर काढून खालची दांडी फिरवून पाहा. सहज फिरली तर दोष डोक्यात, तेवढंच बदलून भागतं, पाणी उपसावं लागत नाही. (वायरी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या.) दांडी घट्ट असेल, तर खालचा भागच बदलावा लागेल, आणि त्यासाठी पाणी काढणं आलंच. काढलेलं पाणी काळं असेल, तर तो रेडिएटरच्या पोलादाचा गंज. नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी सगळे पाइप धुऊन घ्या आणि भरताना गंजरोधक रसायन घाला, नाहीतर तोही असाच अडकेल.